प्लॅन, एलेव्हेशन, साइड व्ह्यू

विश्राम परुळेकरांचं एक ठाम मत होतं: ज्या वस्तूचं ड्रॉइंग नाही ती वस्तू बनवू नये, आणि बनवलीच तर ती गळणार. वागळे इस्टेटमधल्या पंपांच्या कारखान्यात, ड्रॉइंग ऑफिसातल्या उंच स्टुलावर बसून ज्याने जन्म काढला, त्याला असं वाटणारच. निवृत्त झाल्यावर हे मत कमी व्हायच्या ऐवजी घरभर पसरलं. माळ्यावर चढवायच्या खोक्यांपासून दिवाळीच्या करंज्यांपर्यंत कशाचंही "आधी एक रफ स्केच करू" असं ते म्हणायचे, आणि त्यांची बायको हेमा "तुमचं स्केच होईपर्यंत सारण खवट होईल" असं म्हणून पुढच्या कामाला लागायची.

त्यामुळे त्यांच्या मुलीने, ऋजुताने, एका रविवारी जेवता जेवता "मी या घरात फिल्म शूट करणारे" असं जाहीर केलं, तेव्हा परुळेकरांनी गोष्ट काय, नट कोण, असलं काही विचारलं नाही. "ड्रॉइंग कुठंय?" एवढंच विचारलं.

"असणार होतं," ऋजुता म्हणाली. "आमच्या स्टुडिओतला विकी काढणार होता. त्याला एका सिरीजचं काम मिळालं, तो हैदराबादला पळाला."

ऋजुता ठाण्याच्या एका स्टुडिओत असिस्टंट एडिटर होती आणि कळव्याला मैत्रिणीबरोबर भाड्याने राहत होती. दुसऱ्यांच्या फिल्म जोडून देता देता तिला स्वतःची एक छोटी फिल्म करावीशी वाटू लागली होती, आणि ती डोंबिवलीच्या या घरातच करायची असा तिचा हट्ट होता. अडचण अशी की या घराचेच दिवस भरले होते. सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. महिनाअखेरीला चाव्या बिल्डरकडे द्यायच्या होत्या, आणि परुळेकर नवराबायको तात्पुरते कल्याणला, खडकपाड्यात, भाड्याच्या जागेत जाणार होते. शूटिंगला मिळणार होता तो एकच रविवार, खोकी भरून झाल्यानंतरचा आणि चाव्या देण्याआधीचा. त्या दिवशी एखादा शॉट राहिला तर तो कायमचाच राहणार, कारण नंतर ती भिंतच जागेवर नसणार.

"म्हणून स्टोरीबोर्ड लागतो," ऋजुताने समजावलं. "कॅमेरा हातात घ्यायच्या आधी प्रत्येक शॉट कागदावर काढायचा. चौकटीत काय दिसणार, कुठून दिसणार. मग ती चित्रं कॉम्प्युटरवर एकापुढे एक लावायची, प्रत्येक चित्र किती वेळ थांबणार ते ठरवायचं, खाली कच्चे आवाज टाकायचे. त्याला अ‍ॅनिमॅटिक म्हणतात. म्हणजे फिल्म करायच्या आधीच फिल्म बघून घ्यायची. चुकली तर कागदावर चुकते."

परुळेकरांचा घास हातातच राहिला. चूक कागदावर करून घ्यावी म्हणजे ती लोखंडात होत नाही, हे वाक्य त्यांनी किती ज्युनिअर मुलांना ऐकवलं होतं. सिनेमावाल्यांनाही ते माहीत असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मी काढतो," ते म्हणाले.

"राहू दे, बाबा."

निवृत्तीनंतर हे दोन शब्द त्यांच्या वाट्याला फार येऊ लागले होते. गॅसवाल्याशी बोलतो म्हटलं तरी राहू दे, पासबुक भरून आणतो म्हटलं तरी राहू दे. पण या वेळी ऋजुताला दुसरा इलाज नव्हता. तिची स्वतःची माणसं म्हणजे काडेपेटीतल्या काड्या. तिने स्क्रिप्टचे कागद त्यांच्यापुढे सरकवले.

गोष्ट अगदी एवढीशी होती. वडील आणि मुलगी रात्रीचं जेवायला बसलेत. मुलगी सांगते, मी इंजिनिअरिंग सोडलं, मला फिल्म शिकायचीय. वडील काहीच बोलत नाहीत. जेवतात, उठतात, हात धुतात आणि बाल्कनीत जाऊन पाठमोरे उभे राहतात. पुढच्या पानावर नुसतं 'शेवट' असं लिहून त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलेलं होतं.

परुळेकरांना ओळखू आलं नाही असं नाही. ही त्यांच्याच घरातली, आठेक वर्षांपूर्वीची संध्याकाळ होती. त्या दिवसानंतर घरात त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं. मुलगी शिकली, नोकरीला लागली, सगळं सुरळीत झालं, आणि सुरळीत झालेल्या गोष्टी उकरायच्या नसतात अशीच त्या घराची रीत होती. स्क्रिप्टमध्ये 'वडील' लिहिलं होतं, 'बाबा' नव्हतं. परुळेकरांनीही ते तसंच राहू दिलं.

"याला शेवट नाही," ते म्हणाले.

"सापडला नाही अजून," ऋजुता म्हणाली. "ते वडील बाल्कनीत उभं राहून काय करत होते, हेच मला कळत नाहीये. ते कळलं की शेवट मिळेल. नाही कळलं तर ही फिल्म म्हणजे नुसतं एक जेवण आहे."

हे ती कागदाकडे बघत बोलली, आणि परुळेकरांनीही कागदाकडेच बघत मान डोलावली.

पुढच्या रविवारी ऋजुता आली तेव्हा टेबलावर मोठा थोरला ड्रॉइंग शीट पसरलेला होता, चारही कोपऱ्यांवर मसाल्याच्या बरण्या ठेवून. परुळेकरांनी टू-एच पेन्सिलीने अख्खं घर उतरवलं होतं: वरून दिसणारा प्लॅन, समोरून दिसणारं एलेव्हेशन, बाजूने दिसणारा साइड व्ह्यू. टेबलाची लांबी-रुंदी-उंची, ओट्यापासूनचं अंतर, पंख्याच्या पात्यांचा व्यास. ताटांनाही मापं होती. वडील आणि मुलगी म्हणजे दोन खुर्च्यांवरची दोन वर्तुळं, मधोमध बारीक फुलीच्या खुणेसकट.

ऋजुताने हसू आवरायचा प्रयत्न केला आणि तो फसला. "बाबा, यात पंप कुठे बसवायचाय?"

"सुताराला दे हा कागद, उद्या असंच टेबल करून देईल," परुळेकर जरा दुखावून म्हणाले.

"पण मला टेबल नकोय रे. मला सांग, हे बघतंय कोण?"

परुळेकरांना प्रश्नच समजला नाही. ड्रॉइंगला कोणी बघत नसतं. ड्रॉइंगमध्ये वस्तू जशी असते तशी असते. बघणारा कुठे उभा आहे यावर तिची लांबी कमीजास्त झाली तर कारखाने बंद पडतील.

ऋजुताने भरायच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्यात कात्रीने एक आडवी खिडकी कापली आणि त्यांच्या हातात दिली. "एक डोळा मीट. यातून आईकडे बघ."

हेमा ओट्याशी तोंडली चिरत होती. परुळेकरांनी खिडकीतून बघितलं. पुठ्ठा लांब धरला तर खिडकीत नुसता तिचा हात आणि सुरी. डोळ्याजवळ आणला तर अख्खी हेमा, तिच्यावरचा पंखा, खाली कोथिंबिरीची जुडी. ते गुडघ्यावर बसले. खालून बघितल्यावर हेमा एकदम मोठी दिसायला लागली, शाळेतल्या मुख्याध्यापिकेसारखी. स्टुलावर चढून बघितलं तर तीच हेमा लहान आणि एकटी दिसली. बाई तीच, तोंडली तीच, माप कशाचंच बदललेलं नाही, आणि तरी दर वेळी वेगळं काहीतरी वाटत होतं.

"हे कसं काय?" त्यांनी स्टुलावरूनच विचारलं.

"आधी खाली उतरा," हेमा म्हणाली. "मग विचारा कसं काय ते."

त्यानंतर परुळेकरांना त्या पुठ्ठ्याचं वेडच लागलं. सकाळी दूध आणायला जाताना तो खिशात. रिक्षा स्टँडवर उभं राहून ते रांगेतल्या माणसांना चौकटीत बसवायचे आणि अर्धी माणसं बाहेर ठेवली तर रांग जास्त लांब वाटते हे बघून हरखून जायचे. सोसायटीच्या गच्चीवरून, पार्किंगमधून, जिन्याच्या कठड्यातून त्यांनी सगळी बिल्डिंग बघून घेतली. शेजारच्या बाईंनी हेमाला हळूच विचारलं, "भाऊंचं ऑपरेशन झालं का हो डोळ्याचं?" हेमा म्हणाली, "ऑपरेशन नाही, उघडलेत."

ओळी सरळ पट्टीने मारायची सवय सुटायला वेळ लागला, पण सुटली. कॅमेरा कुठे ठेवायचा ते ऋजुताने आधीच ठरवलं होतं: ओट्याच्या कडेला. हॉल आणि स्वयंपाकघरामधली भिंत त्यांनी केव्हाच काढून टाकली होती, त्यामुळे तिथून टेबल दिसायचं आणि टेबलापलीकडे बाल्कनीही. डावीकडे मुलगी, उजवीकडे वडील. परुळेकर रोज दुपारी बसून चौकटी काढत होते. वर्तुळांना नाक आलं, नाकाला चष्मा आला, मुलीच्या वेणीचे सुटलेले केस आले. हातून असं काही निघेल याची त्यांना स्वतःलाच गंमत वाटायची, आणि संध्याकाळी हेमापुढे कागद धरताना ते उगाच गंभीर चेहरा करायचे.

चौकटी झाल्या तशी ऋजुताने त्यांना स्टुडिओत बोलावलं. स्टुडिओ होता वागळे इस्टेटमध्येच. जिथे पूर्वी लेथ चालायचे त्या गाळ्याला काच लावून आत एसी बसवला होता. परुळेकर रिक्षातून उतरले तेव्हा पाय सवयीने पुढच्या वळणावर, जुन्या कारखान्याकडे जायला निघाले होते. त्यांनी ते परत फिरवले.

आत ऋजुता आणि तिचा कॅमेरामन साकेत बसले होते. भिंतीवरच्या पडद्यावर परुळेकरांची चित्रं एकामागून एक येऊ लागली. मुलीच्या बोलण्याला ऋजुताचा आवाज होता. वडिलांना बोलणं नव्हतंच, नुसते आवाज होते: वाटी सरकवल्याचा, सोलकढीच्या भुरक्याचा. ते परुळेकरांनीच घरी फोनवर रेकॉर्ड करून पाठवले होते. कागदावरची पेन्सिल तशीच होती, हलत काहीच नव्हतं, तरी त्यांना वाटलं की ती माणसं खरंच जेवतायत. अंगावर काटा आला त्यांच्या.

मग साकेत म्हणाला, "काका, फ्रेम्स एक नंबर आहेत. फक्त हे दोघं एसटीत बसलेत का?"

परुळेकरांनी नीट बघितलं. मुलगी जवळून दिसत होती, उजवीकडे बघत बोलत होती. पुढच्या चौकटीत वडील जवळून दिसत होते, तेही उजवीकडेच बघत. समोरासमोर जेवायला बसलेली माणसं एकामागे एक बसून एकाच खिडकीतून बाहेर बघत असल्यासारखी वाटत होती. त्यापुढे दोघं एकत्र दिसणारी चौकट आली तर मुलगी उजवीकडे आणि वडील डावीकडे, जणू मध्येच उठून दोघांनी फुगडी घातली होती.

"मी तपासून काढलंय सगळं," परुळेकर म्हणाले. आणि म्हणता म्हणता त्यांना कळलं, आणि कान गरम झाले.

आयटीआयमध्ये शिकल्यापासून त्यांच्या हाताला एकच नियम ठाऊक होता: वस्तू डावीकडून बघितली की जे दिसतं ते कागदावर उजवीकडे काढायचं, आणि उजवीकडून दिसतं ते डावीकडे. देशभरातल्या ड्रॉइंग ऑफिसांत असंच काढतात आणि कोणाचं काही अडत नाही, कारण वाचणाराही त्याच शाळेत शिकलेला असतो. डोक्याने कितीही सिनेमा शिकला तरी हाताने पंपच काढला होता. डाव्या बाजूने बघितलेले वडील त्याने उचलून उलटे फिरवून ठेवले होते.

"फिल्म बघणारे त्या शाळेत शिकलेले नसतात ना, बाबा," ऋजुता म्हणाली, पण हसली नाही. तिने टेबलावर दोन कप समोरासमोर ठेवले आणि त्यांच्या मधून बोटाने एक रेघ ओढली. "या दोघांच्या मधून अशी एक रेघ आहे असं समजायचं. कॅमेरा एकदा रेघेच्या या बाजूला ठेवला की फिल्म संपेपर्यंत याच बाजूला. मग मुलगी कायम उजवीकडे बघते, वडील कायम डावीकडे, आणि लोकांना वाटतं दोघं एकमेकांकडे बघतायत. ओलांडली की गोंधळ."

"आणि पलीकडच्या बाजूला काय आहे ते?"

"ते दिसत नाही."

"मग वस्तू पूर्ण कळणार कशी? दोन व्ह्यूंवर कधीच भागत नाही. तिसरा लागतोच."

साकेत हसून म्हणाला, "काका, फिल्ममध्ये पूर्ण कळायचं नसतं."

हे उत्तर परुळेकरांना मुळीच पटलं नाही. घरी येईपर्यंत ते त्याचाच विचार करत होते. ऋजुताची फिल्मही त्यांना डोळ्यांपुढे दिसत होती, शेवटच्या चौकटीसकट: वडील पाठमोरे, बाल्कनीत. गेली आठ वर्षं मुलीजवळ तेवढा एकच व्ह्यू होता, पाठीचा. दुसरा फक्त त्यांच्याजवळ होता. तो तिला मिळाला नाही तर रविवारी शूटिंग होईल, भिंत पडेल आणि फिल्म नुसतं एक जेवण राहील. हे त्यांना इतकं स्पष्ट कळलं की भीतीच वाटली. सांगायला तोंड उघडणं त्यांना जमणार नव्हतं, तो त्यांचा पिंडच नव्हता. काढता मात्र येत होतं.

शूटिंगच्या आदल्या संध्याकाळी ऋजुता राहायला आली. घराची खोकी झाली होती; टेबल, तीन खुर्च्या आणि ओट्यावरची चार भांडी एवढंच उघडं होतं. परुळेकरांनी सगळ्या चौकटी नव्याने काढून ठेवल्या होत्या. ऋजुताने त्यांचे फोटो काढून लॅपटॉपवर लावले आणि तिघं टेबलाशी बसून बघू लागली. आता मुलगी उजवीकडे बघत होती, वडील डावीकडे, आणि कागदावरची ती दोन माणसं खरोखर एकमेकांसमोर बसली होती.

"मी इंजिनिअरिंग सोडलं," लॅपटॉपमधून ऋजुताचा आवाज आला. मग शांतता. तिने ती सहा सेकंदांची ठेवली होती.

"थोडी आहे," परुळेकर म्हणाले.

"बाबा, सहा सेकंद खूप असतात पडद्यावर."

"असतील. पण थोडी आहे."

ऋजुताने ती वाढवली. पुन्हा लावलं. मुलगी बोलली, आणि मग वडिलांची चौकट तशीच थांबली, थांबूनच राहिली. खाली फक्त वाटीचा आवाज होता. हेमाने गाऊनवरची ओढणी सारखी केली. आता ती शांतता बरोबर होती, आणि ती कुठून आणली हे तिघांनाही माहीत होतं.

वडील उठले, हात धुतले, बाल्कनीत पाठमोरे उभे राहिले. ऋजुताच्या हिशेबाने फिल्म इथे संपत होती, पण गठ्ठ्यात आणखी एक कागद होता. तिने तोही फोटो काढून पुढे लावला.

या चौकटीत मुलगी पुन्हा दिसत होती, जरा लांबून, जरा फिकट. खाली मान घालून भात खात होती.

"ही डाव्या हाताने का जेवतेय?" हेमा म्हणाली. ते आधी तिच्याच डोळ्यांत भरलं, भरणारच.

"परत उलटं झालं, बाबा." ऋजुताने माउस पुढे केला. "थांब, मी फिरवून घेते."

"फिरवू नकोस. ते बरोबर आहे."

"डावा हात आहे."

"काचेत आहे," परुळेकर म्हणाले.

ऋजुताचा हात थांबला. बाल्कनी त्यांनी पूर्वीच स्लायडिंगच्या काचा लावून बंद करून घेतली होती. बाहेर अंधारून आलं होतं, घरात ट्यूब लागलेली होती. ती उठली आणि बाल्कनीत, त्या चित्रातल्या वडिलांच्या जागी, जाऊन उभी राहिली. समोरच्या काचेत मागचं सगळं घर दिसत होतं: टेबल, लॅपटॉपचा उजेड, आई, बाबा. कॅलेंडरवरचे आकडे उलटे. बाबांनी डावा हात वर केला आणि काचेतल्या बाबांनी उजवा.

"तू बघत होतास," ती काचेकडे तोंड करूनच म्हणाली.

"सगळा वेळ." परुळेकरही टेबलाकडे बघून बोलत होते. पाठ असली की त्यांना बरं बोलता येत असावं. "वळलो असतो तर मी नाही म्हणालो असतो. तोंडात तेच होतं. पण काचेत तू जेवत होतीस. एवढं सगळं बोलून तू दुसऱ्यांदा भात घेतलास. मला वाटलं, जिला आत्ता भूक लागते तिचं पक्कं ठरलेलं आहे. मग आपण कशाला मध्ये पडा."

ऋजुता वळली. "मला भूक नव्हती, बाबा. मला रडू येत होतं. तोंड भरलेलं असलं की आवाज होत नाही म्हणून खात होते मी. आणि दुसरा भात मी घेतलाच नव्हता."

परुळेकर गोंधळले. आठ वर्षं जपून ठेवलेल्या व्ह्यूवर कोणीतरी खोडरबर फिरवल्यासारखं झालं. "मग आला कुठून?"

ऋजुता परत येऊन खुर्चीत बसली आणि तिने ती चौकट मोठी केली. मुलीच्या मागे ओट्याजवळ पेन्सिलीने काहीतरी उभं काढलेलं होतं. नुसता आकार, ना बाह्यरेषा धड ना माप. पंख्याच्या पात्यांचे व्यास लिहिणाऱ्या माणसाने तो भाग पुसट सोडला होता.

"हे काय आहे? फ्रिज?"

"फ्रिज या बाजूला आहे," परुळेकर कागद हातात घेऊन म्हणाले. "तिथे काहीतरी उभं होतं एवढं आठवतं. नीट आठवेना, म्हणून मी ते तसंच..."

"मी होते," हेमा म्हणाली.

तिचा सूर तक्रारीचा नव्हता. कोणी घड्याळ विचारावं आणि तिने वेळ सांगावी तसं ती म्हणाली.

"तुमचा कॅमेरा जिथे ठेवणार ना, बरोबर तिथेच. तिथून हिचं रडू मला दिसत होतं आणि यांची पाठ दिसत होती. काचेला नाक लावून उभे होते. वाफ धरली होती काचेवर, दुसऱ्या दिवशी मी पुसली ती. मग मी भात वाढला हिला."

"तू काही बोलली का नाहीस, आई?"

"काय बोलणार? तुझं बरोबर म्हणावं तर ते बाल्कनीतून आत येणार नाहीत, त्यांचं बरोबर म्हणावं तर तू उठून जाशील. भात वाढला की कोणाचीच बाजू घेतल्यासारखं होत नाही."

ऋजुताने स्क्रिप्ट पुढे ओढलं. वडील आणि मुलगी. दोन पानं, दोन माणसं. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून गेली, जणू आई कुठेतरी सापडेल. परुळेकरांनीही आपला तो पहिला, हसण्यावारी गेलेला मोठा शीट खोक्यामागून काढून बघितला. ओटा होता, ओट्याची उंची होती, मिक्सरचा बोर्डसुद्धा होता. महिनाभर दोघांनी चौकटीत काय घ्यायचं यावर डोकं फोडलं होतं, आणि ज्या जागी उभं राहून ही सगळी गोष्ट दिसत होती त्या जागी कोण उभं होतं हे एकालाही सुचलं नव्हतं. परुळेकरांना स्वतःची लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही जास्त आश्चर्य वाटलं.

"तिसरा व्ह्यू," ते स्वतःशीच म्हणाले.

"रेघ ओलांडावी लागेल," ऋजुता म्हणाली. "बाल्कनीच्या बाजूने ओट्याकडे बघायचं. साकेत ओरडेल."

"ओरडू दे. शेवट आहे तो."

ऋजुताने हेमाला हाताला धरून ओट्याशी नेलं. हेमाने काही कुरकुर केली नाही. फक्त गाऊनवर घेतलेली ओढणी काढून ठेवावी का, असं विचारलं, आणि मग राहू दे म्हणाली. खोक्यात गेलेली भातवाढी ऋजुताने शोधून काढून तिच्या हातात दिली. परुळेकर खुर्ची उचलून बाल्कनीच्या दारात जाऊन बसले. खिशातला पुठ्ठा काढून त्यांनी एक डोळा मिटला. चौकटीत समोर रिकाम्या दोन खुर्च्या होत्या, आणि त्यांच्या मधून, लांब, हेमा.

त्यांनी पट्टी घेतली नाही. चेहऱ्यापासून सुरुवात केली. ऋजुता बाजूला एका खोक्यावर बसून लॅपटॉपवर नव्या चौकटीसाठी जागा करत होती, पण ती किती लांब ठेवायची ते तिला ठरवता येईना. शेवटी तिने विचारलं, "आई, त्या दिवशी तू किती वेळ उभी होतीस तिथे?"

हेमाने जरा आठवून बघितलं.

"तुम्ही दोघं झोपायला जाईपर्यंत," ती म्हणाली. "मग मी जेवले."